शेवटचा डबा पाहणारे सर

आमच्या सरांनी आयुष्यात रेल्वेचं इंजिन कधी नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही. बेळगावात टिळकवाडीच्या फाटकाशी गाडीची वेळ झाली की फाटक पडायचं, दोन्ही बाजूंना सायकली, टांगे, लुना तुंबायच्या, आणि इंजिन धडधडत आलं की सगळ्यांच्या माना तिकडं वळायच्या. सर त्या वेळी सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत असायचे. डबे जाऊ लागले की चष्मा डोळ्यांवर चढायचा. शेवटचा डबा, त्याच्या पाठीवरची ती मोठी फुली आणि दारात उभा असलेला गार्ड दिसला की सर समाधानानं मान हलवायचे. फाटक उघडायचं, मागचे लोक घंट्या वाजवायचे, कुणी चार शब्द सुनवायचं, पण तो डबा वळणाआड जाईपर्यंत सर सायकलीला टेकून उभेच. एकदा एका दूधवाल्यानं कळवळून विचारलं, गाडीत घरचं कुणी गेलं का. सर म्हणाले, "न्हाय हो. गाडी सगळी गेली का बघतोय."

कॉलेजात त्यांना शेपूटसर म्हणायचे. त्यांच्या तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. उंच, काटकुळे, जरासे एका बाजूला कललेले. सदऱ्याच्या खिशात कायम खडूचा तुकडा, त्यामुळं प्रत्येक सदऱ्याला खिशाखाली धुऊनही न जाणारा पांढरा डाग. नेमणूक प्राणिशास्त्राची. बेडूक, झुरळ, गांडूळ हे सगळं ते नेमानं शिकवायचे, पण त्यांचा जीव अडकला होता एकाच गोष्टीत, पेशीतल्या निरोपाच्या शेपटात.

पुस्तकात त्याला संदेशवाहक आरएनए असं भारदस्त नाव आहे. सर निरोप म्हणायचे. पेशीच्या केंद्रकात डीएनएची मूळ प्रत जपून ठेवलेली असते, ती बाहेर जात नाही. तिच्यावरून निरोप उतरवून घेतात, तो बाहेर धाडतात आणि त्याबरहुकूम प्रथिनं तयार होतात. एवढं सगळेच शिकवतात. सर म्हणायचे, हे झालं इंजिन. निरोप उतरवताना तो गरजेपेक्षा लांब उतरतो. त्याच्या शेवटाजवळ ए ए यू ए ए ए अशी एक खूण असते. ती खूण ओळखून थोडं पुढं निरोप कापायचा, आणि कापलेल्या टोकाला नुसत्या ए ए ए ची लांबलचक शेपटी जोडायची. ही शेपटी मूळ प्रतीत कुठंच लिहिलेली नसते. तिच्यात मजकूर काहीच नाही. पण ती नसली तर निरोप केंद्रकाबाहेर पडायची मारामार, आणि पडलाच तर टिकायचा नाही. बाहेर गेल्यावर ती हळूहळू कुरतडली जाते, आखूड होते, आणि फारच आखूड झाली की निरोपाचीच विल्हेवाट लागते. म्हणजे निरोपानं किती जगायचं हे ठरतं त्याच्या बिनमजकुराच्या टोकावर. हे सांगताना सरांचा आवाज बारीक व्हायचा, जसं काही घरातली खासगी गोष्ट सांगताहेत.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हे ज्ञान तेव्हा जगातही नवं होतं, आमच्या अभ्यासक्रमात तर त्याचा मागमूस नव्हता. सर उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला जाऊन ग्रंथालयात बसायचे आणि परदेशी मासिकांतल्या लेखांच्या झेरॉक्स घेऊन यायचे. तेही शेवटच्या पानापासून वाचायचे. आधी संदर्भ, मग निष्कर्ष, असं करत करत मथळ्यापर्यंत. वर्तमानपत्राचं तेच. हजेरीचंही तेच, शेवटच्या नंबरापासून सुरू करून पहिल्यावर संपायची. पहिल्या नंबराचा मुलगा एका बड्या डॉक्टरांचा होता, त्याला आयुष्यात प्रथमच ताटकळावं लागत होतं. हजेरी घेताना आणि एरवीही ते कुणाला नावानं हाक मारत नसत. मुलगा असला तर अण्णा, मुलगी असली तर आक्का. रागावतानासुद्धा आक्काच. त्यामुळं रागावणं अंगाला लागायचं नाही आणि विसरताही यायचं नाही.

खडूची त्यांची तऱ्हा आणखीच वेगळी. तासाला एकच खडू आणायचे. खडू झिजून बोटात धरता येईना झाला की तास संपला, मग घंटा झालेली असो वा नसो, वाक्य अर्धं राहिलेलं असो. तो इवलासा तुकडा टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, निरोप संपला. एखादा विषय त्यांच्या मनातून उतरलेला असला तर ते आधीच अर्धा झिजलेला खडू आणायचे. टवाळ पोरांनी यावर तोडगा काढला होता. ती सारख्या शंका विचारायची, म्हणजे सरांना फळ्यावर जास्त लिहावं लागेल आणि खडू लवकर संपेल. वर्षाच्या शेवटी त्याच पोरांना सगळ्यात चांगले मार्क पडले, आणि तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं की सरांना ही चलाखी पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.

सर निपाणीचे. त्यांची आई तंबाखूच्या वखारीत काम करायची आणि घरी बिड्या वळायची. बिडीचं टोक नीट मिटलं नसेल तर ती छाटात जाते, म्हणजे नापास बिड्यांच्या ढिगात. त्यामुळं लहानपणी संध्याकाळी सरांचं काम एकच, आईनं वळलेल्या बिड्यांची टोकं तपासायची. टोकांचं वेड मला आईच्या दुधातनं आलंय असं ते हसून सांगायचे. त्यांच्या घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा ते लहान होते. त्याच्या आधी ज्या शाळेत ते जात तिथं त्यांना वर्गाच्या शेवटी, दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसवायचे. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही हजेरी उलटी का घेता असं कुणीतरी विचारलं म्हणून. सांगताना कडवटपणा नव्हता. हजेरी माझ्यापर्यंत येईस्तोवर गुरुजींच्या तोंडातलं पान संपायचं, एवढंच म्हणाले आणि शेवटच्या नंबरापासून हजेरी घ्यायला लागले.

मी वडगावची, विणकराच्या घरची. आजूबाजूला यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला होता तरी आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, हातमाग सोडला नव्हता. शाळा सगळी मराठीत झालेली. कॉलेजात इंग्रजीतली व्याख्यानं डोक्यावरून जायची, आणि पहिल्या वर्षी मी घरी येऊन चुलीपुढं बसून रडायची. आमच्यासारख्यांसाठी सरांनी शनिवारी दुपारचा वर्ग सुरू केला होता. आठवडाभर इंग्रजीत झालेलं सगळं ते मराठीत आणि लागेल तिथं कन्नडमध्ये पुन्हा सांगायचे. ते झालं की उरलेल्या खडूत शेपटाची गोष्ट. वडगाव-शहापूरची विणकरांची पोरं, खानापूरकडची पोरं, कॅम्पातल्या एका शिपायाची मुलगी, असा गोतावळा होता. तो वर्ग नसता तर मी बी.एस्सी. पुरं करणं शक्य नव्हतं. मीच काय, आमच्यातल्या निम्म्या पोरांनी पुस्तकं गुंडाळून ठेवली असती.

या वर्गात शाबासकी देण्याची सरांची स्वतःची पद्धत होती. कुणी उत्तर दिलं की ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, सिग्नल पडलाय. जरा बरं उत्तर असलं तर, इंजिन दिसतंय. फारच चांगलं असलं तर, डबे येऊ लागले. त्याच्या पुढची पायरी सगळ्यांना ठाऊक होती, पण ती कुणी ऐकली नव्हती. गुंजीहून रोज गाडीनं येणारा परशा आमच्यात सगळ्यात हुशार. त्यानं एकदा चिडून विचारलं, गाडी आली असं कधी म्हणणार. सर म्हणाले, "शेवटचा डबा बघितल्याशिवाय स्टेशन मास्तर म्हणतोय का रं, गाडी आली म्हणून? मधेच डबे तुटून राहिले असले तर?" परशाची उभी हयात स्टेशनशेजारी गेलेली. त्याला ते पटलं.

एका पावसाळ्यात सर आम्हाला कणकुंबीला घेऊन गेले. बाकीचे मास्तर सहलीला धबधबे दाखवतात. सरांनी एका डबक्याशी बस थांबवली, चिखलात चक्क पालथे पडले आणि बेडकाची अंडी दाखवू लागले. मानेवर जळवा चढत होत्या, त्यांना पत्ता नव्हता. ते सांगत होते की अंड्यात आईनं पुढच्या कामाचे निरोप आधीच भरून ठेवलेले असतात, पण त्यांतल्या कित्येकांची शेपटं मुद्दाम आखूड ठेवलेली. म्हणून ते गप्प पडून असतात. मरत नाहीत, बोलतही नाहीत. वेळ आली की त्यांचं शेपूट पुन्हा वाढतं आणि निरोप बोलायला लागतो. समुद्रातल्या एका काटेरी प्राण्याच्या अंड्यात लोकांनी हे पाहिलंय, बेडकांतही आता दिसायला लागलंय. मग मान वळवून, चिखलानं माखलेल्या तोंडानं ते मला म्हणाले, "आखूड हाय म्हणून टाकून द्यायचं नसतं गं आक्का." पहिल्या सत्रात मी तीन विषयांत नापास झाले होते, ते त्यांना ठाऊक होतं. परतीच्या बसमध्ये त्यांच्या मानेवरच्या जळवा मीच मीठ लावून काढल्या.

शनिवारच्या वर्गावर गंडांतर आलं ते माझ्या शेवटच्या वर्षी. प्राचार्य माणूस वाईट नव्हते, पण शिस्तीचे. एका शनिवारी ते न सांगता वर्गात येऊन बसले आणि फळ्यावरचं ए ए ए पाहून एका मुलाला विचारलं, हे परीक्षेला येतं का. मुलगा म्हणाला, नाही. मग कशाला शिकता. मुलगा सरांकडं बघू लागला. प्राचार्यांनी सरांना बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं की परीक्षेला येत नाही त्यात पोरांचा वेळ घालवणं हे त्यांचं नुकसान आहे, या पोरांना तर तो चैनीचा खर्च परवडणारा नाही. सरांनी सांगितलं, याच पोरांना तो सगळ्यात जास्त गरजेचा आहे. बोलाचाली वाढली नाही. शेवटी प्राचार्यांनीच मार्ग काढला. कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनाला विद्यापीठातल्या एक बाई यायच्या होत्या, याच विषयातल्या. मुलांनी त्यांना हे समजावून सांगावं. मुलांना खरंच कळलंय असं बाई म्हणाल्या तर वर्ग चालू राहील, नाहीतर त्या दिवसापासून बंद.

सरांनी हे आम्हाला जसंच्या तसं सांगितलं आणि वर दोन अटी घातल्या. प्रदर्शनात ते स्वतः तोंड उघडणार नाहीत. आणि जे काही मांडायचं ते आपापल्या घरात जे असेल त्यातून करायचं, विकत काही आणायचं नाही. मला घर म्हटलं की माग दिसायचा. मी आप्पांना विचारलं, निरोप विणता येईल का. आप्पांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले.

एक लुगडं उतरलं की ताण्याचा, म्हणजे उभ्या दोऱ्यांचा, काही भाग मागावर उरतो. त्या उरलेल्या पांढऱ्या ताण्यावर आप्पांनी आडव्या पट्ट्या विणल्या. ए साठी पांढरी पट्टी, यू साठी लाल, जी साठी हिरवी, सी साठी पिवळी, आणि पट्ट्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मध्ये काळा दोरा. मी शेजारी बसून अक्षरं वाचायची, आप्पा आडव्या दोऱ्याचा धोटा फेकायचे. खुणेच्या जागी दोन पांढऱ्या, एक लाल, तीन पांढऱ्या पट्ट्या यायला हव्या होत्या. बोलता बोलता आप्पांच्या हातून एक पांढरी जास्त झाली. मी म्हटलं, राहू दे, कुणाच्या लक्षात येणार नाही. त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं, तेवढं उसवलं आणि पुन्हा विणलं. खुणेनंतर थोड्या पट्ट्या, आणि मग काहीच विणलं नाही. ताण्याचे पांढरे दोरे तसेच मोकळे, चांगले हातभर लांब ठेवून कापले. ते शेपूट. त्याला नमुना नाही, कारण मूळ प्रतीत ते नाहीच. कापड शनिवारी वर्गात नेलं तेव्हा सरांनी ते मोकळे दोरे हातावर घेऊन पुन्हा पुन्हा पाहिले. त्या दिवशी खडू संपल्यावर त्यांनी खिशातून दुसरा काढला. असं कधी झालं नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मी तक्ते लावायला कॉलेजात गेले होते. कापड घरी खुंटीला टांगलेलं, आप्पा सूत आणायला बाहेर गेलेले. सकाळी आईनं ते नीट घडी करून, रुमालात बांधून माझ्या हातात दिलं आणि मी तशीच धावत निघाले.

कॉलेजच्या सभागृहात परशानं आणि मी ते उलगडून तारेला टांगलं. शेपूट नव्हतं. हातभर दोऱ्यांच्या जागी टोकाला एका ओळीत बारीक, घट्ट, देखण्या गाठी होत्या आणि प्रत्येक गाठीखाली बोटाच्या पेराएवढा गोंडा. आमच्याकडं मागावरून उतरलेलं कापड लोंबत्या दशांनी, म्हणजे टोकाच्या मोकळ्या दोऱ्यांनी, घराबाहेर पडत नाही. बायका त्या दशा कापून सारख्या करतात, गाठी मारतात आणि गोंडे वळतात. आईच्या गाठींचं तर गल्लीत नाव होतं. लेकीचं कापड विद्यापीठाची माणसं बघणार, आणि ते असं उसकटलेलं जाणार, हे तिच्या हाताला सोसलं नव्हतं. चुकून तसंच राहिलं असेल असं समजून तिनं संध्याकाळभर बसून ते निगुतीनं पुरं केलं होतं.

सर आले. त्यांनी गाठींवरून बोट फिरवलं. "लई देखण्या गाठी हाईत," म्हणाले, आणि सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाला, दाराशी जाऊन उभे राहिले. आपली अट त्यांनी मोडली नाही.

परशाचं डोकं मात्र चाललं. महिनाभर आधीच सरांनी आम्हाला हिस्टोनची गोष्ट सांगितली होती. हिस्टोन म्हणजे डीएनएचा धागा ज्यांच्यावर गुंडाळतात ती प्रथिनं, आम्हा विणकरांच्या भाषेत दोरा गुंडाळायच्या कांड्या. सगळ्या निरोपांत यांचाच निरोप असा की त्याला ए ची शेपटी नसते, टोकाला गाठीसारखा एक वळसा असतो. परशा माझ्या कानाशी म्हणाला, हिस्टोन म्हणून ठोकून दे, टोकाला गाठच तर आहे. मला हायसं वाटलं. मी मनातल्या मनात वाक्य जुळवलं.

बाई आल्या. सुती साडी, हातात मोठं घड्याळ, मागं प्राचार्य. बाई कन्नड घरातल्या, पण त्यांना मराठी चांगली समजायची. मी पाठ केलेल्या इंग्रजीत सुरुवात केली, मूळ प्रत, निरोप, पट्ट्यांचे रंग. बाई कापडाच्या कडेनं हळूहळू पुढं सरकत शेवटापाशी आल्या, थांबल्या आणि गाठींकडं वाकून पाहू लागल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, अरे वा, हा हिस्टोनचा निरोप दाखवलाय का? प्राचार्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण बाई खूश झाल्या एवढं कळलं आणि तेही हसले.

मला काही करायचंच नव्हतं. नुसतं हो म्हणायचं होतं. वर्ग वाचला असता. मी तोंड उघडलं, आणि माझी नजर गाठींच्या जरा वर गेली. दोन पांढऱ्या, एक लाल, तीन पांढऱ्या. आप्पांनी उसवून पुन्हा विणलेल्या. हो म्हटलं तर ती खूण खोटी ठरत होती. माझं इंग्रजी तिथंच संपलं.

"न्हाय मॅडम," मी म्हटलं. "हिस्टोनच्या निरोपात ही खूण नसते. इथं खूण हाय, म्हंजे इथं शेपूट पायजे. ते होतं. आमच्या आईनं काल गाठी मारून टाकल्या."

आजूबाजूची पोरं हसली. प्राचार्यांचं हसू मावळलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा वाकून त्या पट्ट्या एकेक करून वाचल्या आणि आता मराठीतच विचारलं, मग या निरोपाचं पुढं काय होईल. मी सांगितलं, बाहेर पडणं मुश्कील, पडलाच तर टिकायचा नाही. शेपूट गेलं म्हणजे सगळं संपलंच का, असं त्यांनी विचारल्यावर मला कणकुंबीचं डबकं दिसलं. मी सांगितलं की सगळं गेलं तर अवघड, पण अंड्यात आखूड शेपटाचे निरोप नुसते झोपून असतात आणि वेळेला त्यांचं शेपूट पुन्हा वाढवलं जातं. परशाला राहवलं नाही, त्यानं मध्ये पडून बेडकाचं सगळं प्रकरण जळवांसकट सांगितलं. मग बाईंनी विचारलं, शेपूट किती लांब करायचं हे कोण मोजतं. मी म्हटलं, ते अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही असं सर म्हणतात. बाई म्हणाल्या, खरंय, मलाही ठाऊक नाही. आणि मग त्यांनी विचारलं, कोण हे सर.

मी दाराकडं हात केला. सर तिथं चपलांच्या ढिगाशेजारी उभे होते, कारण सभागृहात येणारे सगळे चपला दाराशी काढत होते. त्यांना बोलावून आणायला प्राचार्यांनी एका मुलाला पाठवलं, पण बाई थांबल्या नाहीत. त्या स्वतः सगळं सभागृह ओलांडून सरांपर्यंत चालत गेल्या. मागं प्राचार्य, त्यांच्या मागं आम्ही. त्या दोघांचं इंग्रजीत बराच वेळ बोलणं झालं. सर हात पाठीमागं बांधून उभे, आणि बाई विचारताहेत. मला त्यातलं अर्धं कळलं नाही, पण मी तिथून हलले नाही. असा माणूस आमच्या बेळगावात होता आणि तो आम्हाला आक्का म्हणत होता, याचा मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा आणखी कशाचा वाटलेला नाही.

बाईंनी प्राचार्यांना सांगितलं, माझ्या चुकीच्या अंदाजाला हो म्हणणं सोपं होतं, या मुलीनं तसं केलं नाही, कारण तिला खरंच कळलंय. हा वर्ग बंद करू नका, उलट एखाद्या शनिवारी मीच येऊन बसेन. प्राचार्य मोकळ्या मनाचे. पुढच्या शनिवारी त्यांनी शिपायाबरोबर वर्गावर खडूची नवी कोरी पेटी पाठवली. सरांनी तिच्यातला एक खडू काढून घेतला आणि पेटी परत केली.

पण ते नंतर. प्रदर्शन संपल्यावर सर तारेपाशी आले. कापड गुंडाळून घेतलं आणि सायकलवरून निघून गेले. मी घरी येऊन सगळं सांगितलं तेव्हा आईनं कपाळाला हात लावला. तिला वर्ग वाचला हे ऐकूच आलं नाही, आपल्या हातून लेकीचं काम बिघडलं एवढंच ऐकू आलं. रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी आमच्या दाराशी सायकलची घंटा वाजली. सर होते. कापड काखेत. ते उंबऱ्याबाहेरच थांबले. आप्पा मागावरून उठले, सरांचा हात धरून त्यांना आत आणलं आणि मागाशेजारी आपल्या बसायच्या पाटावर बसवलं. आई पदर सावरत पुढं आली. तिचे डोळे भरलेले.

"माझ्या हातनं चूक झाली हो सर," ती म्हणाली. "द्या हिकडं, समद्या गाठी सोडून देतो. दोरं वाकडं ऱ्हातील, पण सोडतो."

"एकबी सोडू नका आक्का," सर म्हणाले. "हे आता वर्गात लावणार हाय मी. शेपूट असतं तर हिनं पाठ केलेलं सांगितलं असतं. शेपूट नव्हतं, म्हणून हिला काय कळलंय ते मला दिसलं."

आईला हे पटलं की नाही कोण जाणे. ती गाठींकडं बघत राहिली. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी मागाच्या खांबाला टेकून उभी होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुमच्या पोरीची गाडी आली बघा. शेवटच्या डब्यासकट."

आईला काही समजलं नाही. कसली गाडी म्हणून तिनं आप्पांकडं पाहिलं, आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी सरांकडं बघत होते. मग पाहुणा आलाय आणि आपण नुसत्या उभ्या आहोत हे तिच्या लक्षात आलं, आणि ती चहा ठेवायला आत गेली.